‘परतावा’चं ‘परत’ करायला गेले, त्याची गोष्ट

आमच्या अमळनेरात एक छोटं वाचनालय आहे. तीनेकशे सभासद, सहा-सात हजार पुस्तकं आणि टेबलामागे एक काका. दोन वर्षांपूर्वी तिथे देवघेवीच्या नोंदींसाठी एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवलं. बसवणारी मीच. मी गावात संगणकाचे वर्ग घेते, आणि "मॅडमला येतं" एवढ्या भांडवलावर बरीच कामं आपोआप दारात येतात.

सॉफ्टवेअर मराठीत दिसतं, हे त्याचं मोठं सुख. फक्त पुस्तक जमा करून घेताना जे बटण दाबायचं, त्यावर लिहिलेलं होतं ‘परतावा’. एक दिवस एका आजोबांनी टेबलावर वाकून ते वाचलं आणि काकांकडे अनामत रकमेचा परतावा मागितला. काकांनी परोपरीनं सांगून पाहिलं. आजोबांचं एकच, "तुमच्याच मशीनवर लिहिलंय ना!" संध्याकाळी काकांचा फोन आला, "मॅडम, तेवढा एक शब्द बदलून द्या बुवा."

फेब्रुवारी २०२४ च्या २ ते ४ तारखेला आमच्याच गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मराठीचा ज्वर चढलेलाच होता. त्या भरात पुढच्या शनिवारी, १० तारखेला, मी लॅपटॉप उघडला. तासाभराचं काम धरलं होतं. उठले ती १७ जुलैला. शब्द मार्चमध्येच बदलला, उरलेले चार महिने गेले ते नवख्यांसाठीचं मार्गदर्शन दुरुस्त करण्यात. हे लिहितेय ते अशाच एखाद्या शब्दासाठी लॅपटॉप उघडून बसलेल्यांसाठी. प्रकल्पाचं नाव मुद्दाम देत नाही. माणसं भली आहेत, आणि हा घोळ त्यांच्या एकट्यांकडेच आहे असंही नाही.

अशा प्रकल्पांत ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची एक फाइल असते. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर नवी तक्रार (इश्यू) किंवा पुल रिक्वेस्ट (केलेला बदल स्वीकारायची विनंती) उघडायला गेलं की ‘आधी हे वाचा’ म्हणून तिचीच लिंक दिसते. मी वाचली. सगळा मजकूर जेमतेम अर्धं पान, आणि त्याचा गाभा असा: रेपो फोर्क करून क्लोन करा, नेहमीप्रमाणे एन्व्हायर्नमेंट उभं करा, टेस्ट चालवा, पुल रिक्वेस्ट पाठवा. म्हणजे प्रकल्पाच्या कोडची प्रत आपल्या खात्यात आणि मग संगणकावर घ्या, तो चालायला लागणारं सामान बसवा, तपासण्या चालवा आणि बदल पाठवा.

नेहमीप्रमाणे! पुरणाचा मांडा हातावर फिरवत मोठा करून खापरावर टाकणं माझ्या आईलाही नेहमीचंच. नव्या सुनेला पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) "नेहमीप्रमाणे मांडे कर" एवढंच सांगून बघा काय होतं ते.

प्रकल्प ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय त्या पायथॉनपासूनच ठेच लागली. ‘३.६ किंवा त्यापुढचं’ असं लिहिलेलं, म्हणून मी सगळ्यात नवं, ३.१२, उतरवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीतून ‘डिस्टयुटिल्स’ नावाचा जुना भाग काढून टाकलाय, आणि या प्रकल्पाचं एक पॅकेज नेमकं त्यावरच उभं. मार्गदर्शनातली ‘पायथॉन३’ ही आज्ञा माझ्या विंडोजवर टाकली की पायथॉन चालण्याऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं दुकान उघडायचं. तिसऱ्यांदा दुकान उघडलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून भाकरी करायला उठले.

मग डॉकरचा मार्ग धरला, म्हणजे प्रकल्पाला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात तयार मिळतं ते. माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आणि मोबाइलचा दिवसाला दीड जीबी डेटा. डॉकरचं सामान उतरतानाच डेटा संपायचा, म्हणून रात्री बारा वाजायची वाट बघायची, नवा दिवस लागला की पुन्हा सुरू. अमळनेर म्हणजे १९४५ साली विप्रो जिथे वनस्पती तेला-तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली ते गाव, त्यामुळे पुण्याकडचे ओळखीचे लोक "तुमच्या पाण्यातच आयटी" म्हणून चिडवतात. त्यांनी एकदा रात्री बारा वाजता आमच्या गच्चीवर रेंज शोधत उभं राहून बघावं.

सगळं उतरल्यावर जे आलं, त्यानं दोन रविवार खाल्ले. डॉकर सुरू व्हायचा आणि लगेच मरायचा. संदेश एकच: अमुक नावाची फाइल किंवा फोल्डर नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती. नाव बरोबर, जागा बरोबर. पुन्हा क्लोन केलं, नाव बदलून पाहिलं, परवानग्या तपासल्या. २५ फेब्रुवारीच्या रात्री अकराला कारण सापडलं. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतो, लिनक्स एकच. विंडोजवर गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) बसवताना आपण ‘पुढे, पुढे’ दाबत जातो तेव्हा तो फाइल उतरवताना ओळींचे शेवट विंडोजच्या रीतीनं बदलायची सोय चालू करून ठेवतो. त्यामुळे डॉकर सुरू होताना जी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालते तिच्या पहिल्या ओळीत, ‘मला अमुक शेलनं (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं) चालव’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे शेलच्या नावाला एक अदृश्य शेपूट चिकटलं होतं. डॉकरच्या आतला लिनक्स शेपटासकट त्या नावाचा शेल शोधत होता. तो कुठून सापडणार? नाही म्हणत होता ते शेलला, मी शोधत बसले स्क्रिप्ट.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून केली. वर्गात मुलांना लावलेली सवय स्वतःलाही लावली: शंभर पानी वही, तिच्यावर ‘अडलं’ असं नाव. कुठे अडलं, पडद्यावर नेमकं काय आलं, तेव्हा मला काय वाटलं, किती वाजले होते. २५ तारखेपर्यंत ३१ नोंदी झाल्या. हे त्याच क्षणी लिहिणं फार गरजेचं. मार्चमध्ये वही चाळली तर सातवी नोंद वाचून मलाच कळेना की यात अडण्यासारखं होतं काय! एकदा जमलं की आपणही ‘नेहमीप्रमाणे’वाले होतो, आणि त्याला आठवडाही पुरतो.

३ मार्चला, रविवारी, एका भाषांतराच्या फाइलमध्ये ‘परतावा’ खोडून ‘परत घ्या’ लिहिलं. टेस्ट चालल्या, बावीस मिनिटं. बदल पाठवायला गेले तर पासवर्ड चुकीचा. मार्गदर्शनात ‘गिटहबचा पासवर्ड टाका’ असं स्वच्छ लिहिलेलं. मी दोनदा पासवर्ड बदलला तरी तेच. गिटहबनं गिटसाठी पासवर्ड घेणं १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केलंय, आता टोकन लागतं किंवा एसएसएच की, दोन्ही पासवर्डच्या जागी चालणाऱ्या डिजिटल चाव्या. ती ओळ त्याआधीची होती आणि तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण जुन्या माणसांनी आपापल्या चाव्या केव्हाच करून ठेवलेल्या. वर दुहेरी पडताळणीही सक्तीची. तिचे रिकव्हरी कोड कागदावर छापून कपाटात ठेवा. माझे फोनमध्ये होते, आणि तोच फोन नंतर एप्रिलमध्ये पाण्याच्या टाकीत पडला.

पुल रिक्वेस्ट गेली. दोन दिवस मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. ५ मार्चला उत्तर आलं, अतिशय सभ्य. भाषांतरं या रेपोमध्ये बदलत नाहीत, ती वेबलेट नावाच्या संकेतस्थळावर होतात, तिथून आपोआप इकडे येतात, म्हणून ही रिक्वेस्ट बंद करतोय, तुमच्या मदतीबद्दल आभार.

वेबलेटवर गेले. ब्राउझरमध्ये उघडतं. पायथॉन नको, डॉकर नको, टोकन नको. शब्द शोधला, नवा लिहिला, जतन केलं. चार मिनिटं लागली. फोनवरूनही झालं असतं.

त्या रात्री भांडी जरा जोरातच घासली गेली. नवरा म्हणाला, "झालं ना काम?" झालं होतं. पण तीन आठवडे, डेटाची पाच टॉपअप आणि वहीची चाळीस पानं एका न लिहिलेल्या ओळीपायी गेली होती. म्हणजे लिहिलेली होती, पण दुसऱ्याच एका पानाच्या तळाशी, आणि त्या पानाची वाट या फाइलमध्ये नव्हती.

६ तारखेला रात्री एक सणसणीत इश्यू लिहिला. सुदैवानं वीज गेली, राउटर बंद पडला. सकाळी वाचला तेव्हा मलाच कसंतरी झालं. नव्यानं लिहिला: मला काय करायचं होतं, मी कोणतं पान वाचलं, त्यावरून काय समजले, काय केलं, आणि कोणती ओळ आधी दिसली असती तर वाचले असते. विशेषणं सगळी काढली. तुम्हीही इश्यू लिहाल तर रात्री लिहा आणि सकाळी पाठवा. नऊ दिवसांनी उत्तर आलं: धन्यवाद, याची पुल रिक्वेस्ट पाठवलीत तर आनंद होईल.

मला ते ‘मग तूच कर’ असं ऐकू आलं. नंतर कळलं, हा सगळा डोलारा तीन माणसं सांभाळतात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून, रात्री, बिनपगारी. ते खरोखरच विनंती करत होते.

मग मी सगळं मार्गदर्शन अंगात आल्यासारखं नव्यानं लिहिलं. होळीच्या दिवशी, २४ मार्चला, पाठवलं: १४ फाइली, नऊशेच्या वर ओळी. पाठवल्याबरोबर आपोआप होणाऱ्या तपासणीच्या लाल फुल्या. या प्रकल्पाला प्रत्येक कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. हे काम माझं आहे आणि ते द्यायचा मला हक्क आहे, अशी ती सही, २००४ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामातून आलेली पद्धत. कमिट करताना एक छोटी खूण जोडली की ती आपोआप पडते. मी अकरा कमिट्समध्ये एकदाही जोडली नव्हती. रिबेस करून (त्या नोंदी पुन्हा रचून) सगळ्यांवर एकदम सह्या टाकता येतात, पण नंतर जबरदस्तीनं पुश करावं, म्हणजे गिटहबवर चढवावं लागतं. ते करताना साध्या ‘फोर्स’ऐवजी ‘फोर्स विथ लीज’ वापरा, मधल्या काळात तिथे दुसऱ्या कुणाचं काम पडलं असेल तर ते पुसलं जात नाही. आणि या सहीतला ई-मेल कायमचा जगजाहीर होतो, म्हणून वेगळा पत्ता काढून ठेवा.

सतरा दिवस शांतता. रोज सकाळी चहाआधी बघायचे. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, उत्तर आलं: फार मोठं आहे, एका बैठकीत तपासणं शक्य नाही, तुकडे कराल का? शिवाय मी ‘डॉकर म्हणजे काय’ यावर दोन पानं लिहिली होती, चित्रासकट, वर्गात शिकवते तसं. मला त्यांचा फार अभिमान होता. त्यावर शेरा: छान लिहिलंय, पण वाचणाऱ्याला या क्षणी हे लागतंय का?

नाही लागत. हे मान्य करायला दोन दिवस गेले. त्याच शेऱ्यात डॅनिएले प्रोचिदा यांच्या ‘डायटॅक्सिस’ पद्धतीचा उल्लेख होता. ती म्हणते, दस्तऐवज चार जातीचे असतात: हात धरून शिकवणारे, एखादं काम कसं करायचं ते सांगणारे, नुसती माहिती देणारे आणि कारण समजावणारे. चौघांची सरमिसळ करू नका. माझ्या ताटात चारही एकत्र कालवलेले होते.

सहा तुकडे केले. पहिला १३ एप्रिलला गेला, आणि त्यात फक्त चार ओळींचा एक तक्ता. तुम्हाला काय करायचंय? भाषांतर: वेबलेटवर जा, काहीही बसवावं लागत नाही. चूक कळवायचीय: इश्यू लिहा, काहीही बसवावं लागत नाही. मार्गदर्शनातला मजकूर सुधारायचाय: गिटहबवरच पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारा, काहीही बसवावं लागत नाही. कोड बदलायचाय: आता खाली वाचा. दोन दिवसांत मर्ज झाला, म्हणजे मूळ प्रकल्पात घेतला गेला. पाच महिन्यांत मी जे काही केलं त्यातलं मला सगळ्यात जास्त पटतं ते हेच, आणि त्याला लागला अर्धा तास.

खाली वाचा म्हटलं, पण खालचं कुणावर तरी तपासायला हवं होतं. संधी आखाजीला मिळाली. १० मेच्या आदल्या दिवशी पारोळ्याकडच्या आमच्या खेड्यात, माहेरी गेले, लॅपटॉप घेऊन. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात ते झोके घ्यायला आणि सांजोऱ्या खायला. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "आखाजीले उनी अन् आठे बी डबडं लिसन बसनी!" (आखाजीला आली आणि इथेही डबडं घेऊन बसली!)

भाचा धुळ्याला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला त्याच्याच लॅपटॉपवर बसवलं, पान उघडून दिलं आणि सांगितलं, मी एक शब्द बोलणार नाही. ओसरीत कूलरची घरघर, बाहेर लिंबाच्या झोक्यावर पोरींची गाणी, आणि मी त्याच्या मागे वही घेऊन, तोंडावर पदर दाबून. त्यानं एकही परिच्छेद वाचला नाही. एकही! पान सरसर खाली ओढलं, करड्या चौकटी तेवढ्या बघितल्या आणि चौकटीतलं उचलून टर्मिनलमध्ये, आज्ञा टंकायच्या खिडकीत, चिकटवलं. पहिलीच आज्ञा फसली. आम्ही प्रत्येक आज्ञेच्या आधी डॉलरचं चिन्ह छापलं होतं, इथून पुढे टंका एवढंच सांगणारं. त्यानं डॉलरसकट उचललं होतं. "फुई, हाई काय शे?" (आत्या, हे काय आहे?) मी गप्प. डॉलर काढला, पुढची चौकट. तिथे कोनी कंसात ‘तुमचं युजरनेम’ अशा अर्थाचं लिहिलेलं. तेही जसंच्या तसं चिकटवलं. मग त्याच्या विंडोजच्या खात्याच्या नावात नाव आणि आडनाव यांमध्ये मोकळी जागा होती, त्या जागेवर आमची एक स्क्रिप्ट तुटली.

चाळिसाव्या मिनिटाला त्यानं लॅपटॉप सरकवला. "माले काही जमत नही, फुई."

मला ते लागलं. पोरगा हुशार आहे. चुका सगळ्या पानात होत्या, त्यातल्या दोन तर माझ्याच हातच्या, आणि त्यानं पानाला नावही ठेवलं नाही. फेब्रुवारीत मी तेच करत होते. असे जे परत जातात ते इश्यू लिहीत नाहीत, त्यामुळे त्या तिघांना ते कधी दिसलेच नव्हते. त्या दुपारी वहीत १४ नोंदी झाल्या. भाच्याची फी दोन मटका कुल्फी. तुम्ही असं कुणाला बसवाल तर आधीच सांगा की परीक्षा पानाची आहे, त्याची नाही. मी ते सांगायला विसरले होते.

१३ तारखेला मतदान होतं म्हणून अमळनेरला परतले. पुढचे तुकडे भराभर गेले. डॉलर काढले. युजरनेम लागतं ती ओळ वेगळ्या चौकटीत घेतली आणि आधी ‘यात बदल करा’ असं लिहिलं. प्रत्येक पायरीनंतर ‘आता तुम्हाला असं दिसेल’ म्हणून पडद्यावरची ओळ दिली. पायथॉनची नेमकी आवृत्ती लिहिली. ‘नेहमीप्रमाणे’, ‘फक्त’ आणि ‘सोपं आहे’ हे शब्द शोधून काढून टाकले, सतरा ठिकाणी होते.

ओळींच्या शेवटाबद्दल मी तीन परिच्छेद लिहिले होते. जूनमध्ये तपासणाऱ्यानं विचारलं, हे समजावण्यापेक्षा होऊच नये असं करता येईल का? येतं. ‘गिटअॅट्रिब्यूट्स’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली की शेल स्क्रिप्टच्या ओळी कुठल्याही मशीनवर लिनक्सच्याच रीतीनं उतरतात. माझे दोन रविवार एका ओळीत मावले. ती मर्ज व्हायला आठ दिवस लागले, मॅकवर तपासायचं होतं आणि मॅक माझ्याकडे नव्हता, ते त्यांनी केलं. तीन परिच्छेद पुसले. याचं मात्र जराही वाईट वाटलं नाही.

सहाव्या तुकड्यात मार्गदर्शनाचा मराठी अनुवाद होता. तो घेतला नाही. मूळ बदललं की अनुवाद कोण बदलणार, असा प्रश्न होता, आणि ‘मी’ असं लिहिताना माझाच हात थांबला. पासवर्ड टाका असं चुकीचं सांगणारी ओळ अडीच वर्षं कशी टिकते ते पाहिलेलं होतं. शेवटची मर्ज आषाढी एकादशीला, १७ जुलैला. पाच गेल्या, एक बंद.

खर्च विचाराल तर रॅमची ८ जीबीची पट्टी जळगावहून १,७०० रुपयांना आणली, ती डॉकर वापरायचाच असेल तर टळत नाही. डेटाची टॉपअप धरून सगळे मिळून दोन हजारांच्या आत. वेळ साधारण सत्तर तास, त्यातला निम्मा वाट चुकण्यात.

ऑगस्टमध्ये कुणीतरी नवा इश्यू उघडला: चौथी पायरी समजत नाही. चौथी पायरी माझी. मी लगेच लिहायला घेतलं की वरचा परिच्छेद वाचला असता तर... मग पुसलं आणि विचारलं, पडद्यावर नेमकं काय दिसतंय?

वाचनालयातल्या काकांच्या मशीनवर अजून ‘परतावा’च आहे. दुरुस्त शब्द नव्या आवृत्तीत आलाय, आणि ती चढवायची तर आधी सगळ्या नोंदींचा बॅकअप घ्यावा लागेल. काकांना पोळ्यानंतरचा रविवार दिलाय. तोवर त्यांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून वर निळ्या पेनानं ‘परत’ लिहिलंय.